आधी तू, मग मैना

हन्नाची स्कूटी वस्तीच्या वळणावर दिसली की गाई तिला माणसांच्या आधी ओळखायच्या आणि दावं ताणून गोठ्याच्या कोपऱ्यात सरकायच्या. माणसांना ती आवडायची, जनावरांना मुळीच नाही. संगमनेरजवळच्या प्रवरेकाठच्या सात-आठ वस्त्यांवर दूध संस्थेतर्फे लस टोचायचं काम ती अकरा वर्षं करत होती. तिची पद्धत ठरलेली. बर्फाची पेटी खाली ठेवायची, 'हो, हो, माजे बाय' करत गाईच्या मानेवर मुठीनं तीन थापट्या मारायच्या, आणि चौथ्या थापटीबरोबर सुई आत. गाईला वाटायचं हीपण थापटीच. तिला कळेपर्यंत हन्ना पुढच्या दावणीला पोचलेली असायची.

त्या हन्नाच्या पायातली चप्पल गेल्या दिवाळीच्या सुमारास एका गोठ्यात निघून पडली आणि तिला पत्ताच नाही! डावा पाय तसाच अनवाणी शेणातून टाकत ती स्कूटीपर्यंत आली. गोठा चांगुणामावशींचा. म्हातारी मागून ओरडली, "अगं डाक्टरीनबाई, चप्पल काय माज्या मैनेला आंदन दिली का?"

मैना म्हणजे मावशींची गाय. सगळे हसले, हन्नाही हसली. पण पायाखाली शेण आहे की माती, हेच तिला समजत नव्हतं. वर्षापूर्वी उजव्या डोळ्यापुढं पंधरा दिवस धुकं आलं होतं. तेव्हा ती कुणाला काही बोलली नव्हती. आता नवऱ्याला बोलली.

नवरा नॅथन, दुधाचा टेम्पो चालवणारा. त्यानं दुसऱ्या दिवशी टेम्पो भावाच्या हवाली केला आणि बायकोला पुण्याला नेलं. एमआरआय झाला, पाठीतून पाणी काढून तपासलं, आणि डॉक्टरबाईंनी आजाराचं नाव सांगितलं : मल्टिपल स्क्लेरोसिस. नॅथनच्या तोंडी ते नाव काही बसेना. घरी आल्यावर हन्नानंच त्याला समजावलं.

"आपल्या पंपाच्या वायरीवर प्लास्टिक असतं ना, तसं नसांवर पण असतंय. अंगाच्या राखणीला ठेवलेलं कुत्रंच येडं झालंय माजं. घरच्या वायरी कुरतडतंय."

"मग बांधायचं की कुत्र्याला."

"तेच औषध. कुरतडलेलं भरून येत न्हाई त्यानं, पण पुढचं कुरतडणं कमी होतं."

इतकं सगळं तिला समजलं होतं बरं का. डॉक्टरबाईंनी तीन औषधं कागदावर मांडून दिली होती : रोजच्या गोळ्या, आठवड्यातून तीनदा घरच्या घरी घ्यायचं इंजेक्शन, नाहीतर सहा महिन्यांनी एकदा दवाखान्यात सलाईन. "महिन्याभरात ठरवू. फार लांबवू नका," असं बजावलंही होतं. पण आधी दिलेल्या स्टेरॉइडनं पाय ताळ्यावर आला, हन्ना पुन्हा स्कूटी उडवायला लागली, आणि तो कागद गेला लशीच्या रजिस्टरखाली. महिन्याचे तीन महिने झाले. चर्चमधल्या बायका दर रविवारी तिच्यासाठी प्रार्थना करायच्या. नॅथननं विषय काढला की ती म्हणायची, "बघू हो. आता काय झालंय मला?"

मग लाळ्या-खुरकुताच्या लशीची फेरी आली. हन्ना पेटी घेऊन चांगुणामावशींच्या गोठ्यात शिरली, तर मावशी मैनेच्या पुढं कंबरेवर हात ठेवून उभ्या.

"तुजं औषद चालू झालं का?"

"मला काय झालंय, मावशी? चालते, फिरते, चांगली धडधाकट हाय."

"आस्सं! मग माजी मैना बी धडधाकट हाय. रवंथ करती, दूध देती. जा तू."

"अहो, आजार दिसला न्हाई म्हणून लस टाळतात व्हय? एकदा तोंडाला फोड आल्यावर..."

"बोल की पुढं! गेल्या सालापास्नं ह्याच गोठ्यात हुबं राहून लशीपायी माजं डोकं खाल्लंस. आता मैना तुजी लस घ्यायची न्हाई. आधी तू, मग मैना."

हन्नानं पेटीचं झाकण उघडलं, लावलं, पुन्हा उघडलं. मग खाली बघत पुटपुटली, "मला सुईची भीती वाटती, मावशी."

मावशी आधी हसल्या. मग शेजारच्या गोठ्यातला बिभीषण हसला. मग हन्नालाच असं हसू फुटलं की तिला गव्हाणीवर बसावं लागलं. सगळ्या शिवारातली जनावरं टोचणारी बाई, आणि स्वतःला सुई म्हटली की हीच दावं ताणून कोपऱ्यात!

त्याच आठवड्यात दोघं परत पुण्याला गेली. हन्नानं कागद टेबलावर पसरला आणि गिऱ्हाईक गाय घेताना विचारतं तसं एकेक विचारलं. कुठल्या औषधाला किती वेळा रक्त तपासायचं? मी दिवसभर जनावरांत असते, कुठल्यानं अंगातली रोगाशी लढायची ताकद जास्त दबेल? आणि, नॅथनकडे न बघता, "आम्हाला एक लेकरू हवं हाय."

नॅथननं खुर्ची सावरली. हे त्यालाही नवीनच होतं.

डॉक्टरबाई म्हणाल्या, "आजार सध्या सौम्य आहे, त्यामुळे तिन्ही वाटा मोकळ्या आहेत. पण मूल हवं असेल, आणि काम जनावरांतलं असेल, तर तुमच्यासाठी हे तीनदाचं इंजेक्शन मला बरं वाटतं. अधूनमधून एमआरआय करून बघू. नाही भागलं तर बदलू."

"म्हणजे सुईच," हन्ना म्हणाली.

"सुईच. गोळ्याही आहेत, पण लेकराचं ठरलं की त्या थांबवायला लागतील. बघा, तुम्ही ठरवा."

हन्नानं नॅथनकडे पाहिलं, मग कागदाकडे. "द्या सुई. घरी फ्रीज हाय, बर्फ हाय, हात पण बसलेला हाय. फक्त गाय बदलली."

पहिलं इंजेक्शन नर्सनं देऊन दाखवलं. दुसरं घरी. शुक्रवारी सकाळी हन्नानं सिरिंज फ्रीजमधून काढून अर्धा तास टेबलावर ठेवली. फ्रीजच्या त्या कप्प्यावर नॅथननं मोठ्या अक्षरांत लिहून ठेवलं होतं : 'हन्ना. जनावरांचं नाही.' बोलावणं नसताना चांगुणामावशी येऊन खुर्चीवर बसल्या होत्या.

"तोंड फिरवा तुमी," हन्ना नॅथनला म्हणाली. तो आधीच भिंतीकडे तोंड करून उभा होता.

तिनं मांडी पुसली. सुई हातात घेतली. हात थांबला. आणि मग, तिच्याही नकळत, डाव्या हाताची मूठ मांडीवर पडली. एक थापटी. दोन. तीन. तोंडातून आपोआप निघालं, "हो, हो, माजे बाय..."

नॅथन भिंतीकडे तोंड करूनच खुसखुसला. हन्नानं कातडी चिमटीत धरली, आणि सुई आत!

"झालं?" मावशी पुढं वाकल्या.

"झालं."

"शेपूट बी न्हाई हलवली गं!" मावशींनी टाळी वाजवली. "मैनेपक्षा गुनाची निघाली."

मांडीवर जरा लाल चकंदळ उठलं, थोडं खाजलं. नर्सनं तसं सांगितलंच होतं. हन्नानं चहा टाकला. नॅथननं स्वतःला पाव वाढून घेतला, आणि पहिला तुकडा तिच्याच चहात बुडवला.

चहा झाल्यावर मावशी पदर खोचत उठल्या. "चल. मैना वाट बघतीय."

वाट बघत कसली, मैना हन्नाला बघून गोल गोल फिरली, तिनं दावं खुंटाला गुंडाळलं, घमेलं उलटं केलं. बिभीषणनं तिला शिंगांपाशी धरलं. हन्ना दोन्ही पायांत चप्पल घट्ट करून तिच्या मानेपाशी गेली आणि कानात म्हणाली, "गप गं. मी घेतली की सकाळी. काय होत न्हाई."