अडीचशे कुरडयांची शर्यत

फिलिप भिंगारदिवे सर आमच्या खालच्या मजल्यावर राहतात. निदान कागदोपत्री तरी. २०२०च्या मार्चपासून ते माझ्या डोक्यावर राहायला आले. आमचं बिऱ्हाड तिसऱ्या मजल्यावर, वर गच्ची, आणि गच्चीवर सर पळायचे. पहाटे साडेपाचला धप धप सुरू व्हायचं. माझा नवरा सुनील त्यातही घोरायचा, जागी मी एकटी.

सरांनी एकतीस वर्षं नगरच्या एका शाळेत खेळ शिकवला. त्यांच्या पहिल्याच वर्षीच्या वर्गात मी होते. तालुक्याच्या शर्यतीत मी शंभर मीटरला पहिली आले, आणि सरांनी स्वतः पंचांकडे जाऊन मला बाद करवलं. माझा पाय शेजारच्या रेषेवर पडला होता म्हणे. पंचांना दिसला नव्हता, कुणालाच दिसला नव्हता. मी रडून गोंधळ घातला तेव्हा सर एवढंच म्हणाले, "मी पाहिलं ना." असल्या माणसाच्या वरच्या मजल्यावर मी घर घेतलं, याला माझ्या सासूबाई नशीब म्हणतात. मी दुसरं काहीतरी म्हणते.

त्याआधीच्या डिसेंबरात सर निवृत्त झाले. निरोप समारंभात त्यांनी जाहीर केलं, "आजपर्यंत पोरांच्या गळ्यात मेडलं घातली. माझ्या गळ्यात एकही नाही. येत्या वर्षात स्वतः पळून एक तरी मिळवणार." लोकांनी जोरात टाळ्या वाजवल्या, कारण भाषण संपल्याशिवाय पंगत बसणार नव्हती.

सर मात्र गंभीर होते. ड्रॉइंगच्या मोठ्या कागदावर त्यांनी वर्षाचा आराखडा काढला आणि बैठकीत बायकोच्या, म्हणजे लिडियाताईंच्या, शिवणयंत्राच्या वर भिंतीवर चिकटवला. मार्च ते डिसेंबर, सात शर्यती. कुठल्या शर्यतीला कुठले बूट, आदल्या दिवशी किती अंडी, कुठल्या गावी कोणत्या नातेवाइकाकडे मुक्काम, सगळं लिहिलेलं. डावा गुडघा, पावसाळा आणि पुतणीचं लग्न यांचासुद्धा विचार केला होता. महामारी तेवढी राहून गेली.

मग एकेक शर्यत रद्द होऊ लागली. मार्चची गेली, एप्रिलची गेली, मेची आधीच गेली. दर वेळी सर लाल पेन घेऊन त्या ओळीवर काट मारायचे, तीही फूटपट्टी धरून. लिडियाताई मला जिन्यात सांगायच्या, "आज परत एक मारली. जेवले न्हाईत."

शेवटी नाशिककडच्या कुठल्याशा मंडळाचा निरोप आला. ज्याने त्याने आपापल्या घरी दहा किलोमीटर पळावं, लागलेला वेळ प्रामाणिकपणे कळवावा, मेडल घरपोच येईल. सरांनी टेप घेऊन गच्ची मोजली. कडेकडेने एक फेरी चाळीस मीटर, म्हणजे अडीचशे फेऱ्या. त्यांनी एप्रिलच्या अखेरचा रविवार ठरवला, आणि नेमका तोच माझ्या कुरडयांचा मुहूर्त निघाला.

"सर, शनिवार-रविवार गच्ची माझी हाय," मी सांगितलं.

"रविवारी माझी शर्यत आहे, चांगुणा."

"तुमाला कवाबी पळता येतं. गहू तीन दिस भिजत घातलाय, त्यो थांबायचा न्हाई."

भांडण वाढलं असतं, पण लिडियाताई मध्ये पडल्या. "तुमी कडंकडंनं पळा, तिच्या कुरडया मधी राहू द्या. आन फेऱ्यांचा आकडा तर तुमाला ईस झाल्या की आठवत न्हाई. मंग दर फेरीला एक कुरडई उलटी करा. तिचं बी काम हुईल."

सरांना हे पटलं, मला तर फारच पटलं. शनिवारी सोऱ्या दाबून दाबून माझे दंड भरून आले. जुन्या साड्यांवर मोजून अडीचशे कुरडया घातल्या आणि उरलेल्या बारा खाटेवर टाकल्या. रविवारी सकाळपर्यंत त्या वरून सुकल्या, उलटायला तयार झाल्या.

सरांनी स्वतःच शिटी वाजवली आणि स्वतःच पळाले. मी पाण्याच्या टाकीजवळ छत्री आणि कावळ्यांसाठी काठी घेऊन बसले. सर जिन्याकडून सुरुवात करून एकेक कुरडई उलटी करत होते. वाकताना "येशू" म्हणायचे, उठताना काही म्हणायची ताकद नसायची. तेवढ्यात कोपरगावहून बहिणीचा फोन आला. तिचा नवरा आबासाहेब घरी बसून केक करायला शिकला होता आणि ती तो तीन वेळा खाऊन चुकली होती. विषय मोठा होता. मी ऐकत गेले, हसत गेले.

एकदम शिटी वाजली. "अठ्ठावन्न मिनिटं," सर कठड्याला धरून धापा टाकत म्हणाले. "अठ्ठावन्न वर्षांचा माणूस, अठ्ठावन्न मिनिटं." आणि ते चक्क नाचले. एकतीस वर्षांत मी त्यांना हसतानाही दोनदाच पाहिलं होतं.

मी खाली बघितलं. माझ्या बोटांना कुरडयांचा ओला चीक लागला होता. टाकीकडच्या नऊ ओळी, एका ओळीत अकरा. बोलता बोलता हात चालत राहिला होता. बायकांचा हात कुरडयांपुढे रिकामा बसतो का? नव्व्याण्णव कुरडया मी उलट्या केल्या होत्या, आणि सर तेवढ्या फेऱ्या कमी पळाले होते.

गप्प बसले असते तर कुणाला कळलं असतं? सर खूश, लिडियाताई खूश, मेडल घरपोच. शिवाय माझ्या हातून एकदा मेडल गेलंच होतं, तेही ह्यांच्यामुळे. मनात काय काय आलं ते सगळं सांगत नाही. पण मी पाहिलं होतं ना.

"सर," मी म्हणाले, "रेषेवर पाय पडलाय. तुमचा न्हाई, माझा."

मी ओळी दाखवल्या. सरांनी बोटाने मोजल्या, दोनदा. मग ते कुरडया चुकवून खाटेच्या कडेवर बसले आणि बूट बघत राहिले. मला इतकं वाईट वाटलं की कावळा एक कुरडई घेऊन गेला तरी मी काठी उचलली नाही.

"उद्या," सर म्हणाले. "आणि तू हात पदराखाली ठेव."

कावळ्याची भरपाई मी खाटेवरच्या बारांतून केली. सोमवारी मी फोन घरी ठेवला आणि हात पदराखाली. सरांनी अडीचशे कुरडया परत सुलट्या केल्या. दीडशेनंतर ते पळत नव्हते, दोनशेनंतर चालतही नव्हते, नुसते पुढे सरकत होते. लिडियाताई लिंबूपाणी घेऊन आल्या आणि म्हणाल्या, "बास करा आता." सर थांबले नाहीत. एक तास एक्कावन्न मिनिटं लागली, तीच त्यांनी माझ्या फोनवरून कळवली. पलीकडून अंगठा आला.

मेडल आलं नाही. कुरिअर बंद होतं, मग सुरू झालं, मग ते मंडळच फोन उचलेना. दारावरची घंटा वाजली की सर केसांवर कंगवा फिरवून दार उघडायचे. दिवाळी गेली. आराखड्यावर सातही ओळींवर काट होती आणि खाली लिहिलेल्या गच्चीच्या शर्यतीपुढे पेन्सिलीने प्रश्नचिन्ह.

एकतीस डिसेंबरला सकाळी मी दोघांना गच्चीवर बोलावलं. बादली पालथी घातली आणि सरांना वर उभं केलं. डब्यातली सगळ्यात गोल कुरडई निवडून तिच्यात मिठाईच्या खोक्याची तांबडी फीत ओवली होती. सर छाती पुढे काढून संचलनाला राहावं तसे ताठ उभे राहिले.

"दहा किलोमीटर," मी ओरडून जाहीर केलं. "सहभागी एक. क्रमांक पहिला, फिलिप भिंगारदिवे."

फीत घालायला हात वर केले तर पुरेनात. सर ताठच. हजार पोरांना त्यांनी बादलीपेक्षा बऱ्या स्टुलावर चढवून हेच सांगितलं असेल, पण स्वतःवर वेळ आली तेव्हा त्यांना ते माहीत नव्हतं.

"सर," मी म्हणाले, "मान खाली."

त्यांनी मान खाली केली, आणि मी फीत घातल्यावरही वर केलीच नाही. खांदे हलायला लागले.

"अवो, पुसा ते डोळे," लिडियाताई म्हणाल्या. "कुरडई भिजंल."