गाभोळीचा डबा

आषाढातला रविवार. बंधाऱ्याखाली गळ टाकून बसलेले: मी, देशमुखकाका, मोहन आणि अन्वर. दुपारपर्यंत एकही मासा लागला नाही.

"पूर्वी या दिवसांत अंडी घालायला मासे झुंडीनं वर चढायचे," काका म्हणाले. मोहननं बंधाऱ्याला दोष दिला, मी कारखान्याच्या पाण्याला. बोलता बोलता मोहननं डबा उघडला. सुमनवहिनींनी गाभोळी तळून दिली होती. मागच्या खेपेला आम्हीच धरलेल्या माशांच्या पोटातली अंडी. सगळ्यांचे हात एकदम पुढे झाले.

"खा काका, पुढच्या वर्षीची सगळी नदी एका घासात," अन्वर म्हणाला.

आम्ही हसलो. मग कुणाला कुणाकडे बघवेना. नदीसाठी हळहळणारं तोंड आणि गाभोळी चघळणारं तोंड एकच होतं, याची लाज वाटली.

अंड्यांवर आलेली मादी यापुढे पाण्यात परत सोडायची, असं ठरलं. उरलेली गाभोळी कुणी खाल्ली नाही.

"डबा असाच नेला तर ती विचारणार, बिघडली होती का?" मोहन म्हणाला.

गाभोळी उत्तम झाली होती, चुकलो आम्ही, हे वहिनींना जाऊन सांगायचं अजून राहिलं आहे.