कझिन की ब्रदर

भाचीच्या निबंधात बाईंनी ‘कझिन ब्रदर’मधलं ‘ब्रदर’ लाल शाईनं खोडलेलं पाहिलं आणि मला ती स्पिरिटच्या वासाची खोली आठवली. वडिलांच्या दोन्ही किडन्या निकामी झाल्या होत्या आणि धुळ्याचे चुलतकाका त्यांना स्वतःची एक द्यायला निघाले होते. अवयवदानाच्या परवानगीसाठी आम्ही रुग्णालयात समितीपुढे बसलो होतो. वडिलांचे पाय सुजून चपलेत मावत नव्हते. “अर्जात ब्रदर लिहिलंय. सख्खे का?” अधिकारीबाईंनी विचारलं. “चुलत,” मी कसंबसं म्हणालो. “मग कझिन लिहायचं. चुलत भावाला वेगळे नियम आहेत. खोट्या माहितीवर अर्ज रद्द होतो.” अर्ज भरणारे काका उभे राहिले आणि अहिराणीत म्हणाले, “बाई, अक्षर मनंच शे. आम्ही एकाच ताटमा जेवनूत. हाऊ मना भाऊ शे, दुसरा शब्द माले सुचनाच नही.” “पण किडनी का देताय?” “त्याले एक बी राहिनी नही, मनाकडे दोन शेतस.” मग बाईंनी ‘ब्रदर’ खोडायला लावून ‘कझिन’ लिहून घेतलं, शेजारी काकांची सही घेतली आणि नव्यानं चौकशी लावली. ती पार पडेपर्यंत आम्ही धास्तीतच होतो, पण अखेर मंजुरी आली. वडील आता रोज फिरायला जातात. काका अजूनही फोन करतात, तेव्हा आधी किडनीची खुशाली विचारतात आणि मग भावाची.