लग्न लावणारीचे डोळे

वर्शात्स गावाच्या नगरपालिकेत लग्नं लावायचं काम पर्सिदा मालेशेव कितीतरी वर्षं करत होती. शनिवारी अंगावर तिरंगी पट्टा चढवला की ती एरवीपेक्षा वीतभर उंच वाटायची. आवाज खणखणीत. नवरामुलगा स्वतःचं नाव सांगताना अडखळला, तर ती नुसती त्याच्याकडे बघायची आणि त्याच्या तोंडून नाव बाहेर पडायचं. गावातल्या निम्म्या जोडप्यांना आपण बांधलंय, याचा तिला अभिमान होता आणि तो ती लपवत नसे.

लपवायची ती फक्त डोळे. चाळिशी उलटल्यावर ते वाळू गेल्यासारखे खुपायला लागले आणि कायमचे तांबारले. त्यात डोंगरावरून कोशावा वारा सुटला, की बघायलाच नको. गावात यावरून दोन तट पडले होते. एक म्हणायचा, "काय मायाळू बाई! प्रत्येक लग्नात रडते." दुसरा म्हणायचा, "रडतेय कसली, सकाळीच राकिया ढोसत असेल." पहिल्या तटाचाही तिला दुसऱ्याइतकाच राग यायचा. ती लग्नात एकदाही रडली नव्हती.

औषधाच्या दुकानात डोळे पांढरे करणारे थेंब मिळाले, तेव्हा तिला वाटलं, सुटले. टाकल्याबरोबर डोळे दुधासारखे. पण तासाभराने लाली परतायची, ती वाढूनच. मग पुन्हा थेंब. शेवटी शेवटी तर दोन लग्नांच्या मधे ती स्वच्छतागृहात पळायची. वसंतातल्या एका लग्नात ते जमलं नाही. नवरीच्या आईने सगळ्यांसमोर विचारलं, "बाई, लग्न लावताय की मयताला आलाय?"

सोमवारी विभागप्रमुख रादिशाने तिला आत बोलावलं. दोघं एकाच वर्षी नोकरीला लागलेले.

"पर्सिदा, राग मानू नकोस. तू दफ्तर सांभाळ. शनिवारची लग्नं तियानाला देऊ. तरुण आहे, फोटोत बरी दिसते."

"तिला नीट बोलता येतं?"

"शिकेल."

"मग शिकेपर्यंत मीच," असं म्हणून पर्सिदा उठली. पण घरी जाऊन आरशासमोर बसली, तेव्हा तिचा हात थेंबांच्या बाटलीकडे गेला आणि तिला स्वतःचीच लाज वाटली. दुसऱ्याच दिवशी तिने पान्चेवो शहराची बस धरली.

तिथल्या डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंनी तपासून सांगितलं, "डोळे कोरडे पडलेत. पाणी टिकत नाही, म्हणून लाल होतात. ते पांढरे करणारे थेंब आधी कचऱ्यात टाका. त्यांनीच लाली जास्त वाढवलीय."

"आणि मग?"

"मग काही आठवडे आणखी लाल दिसतील. तेवढं सोसायचं."

"बाई, मी लग्नं लावते."

"मग लाल डोळ्यांनी लावा. गुन्हा आहे का?"

त्या वाक्याने पर्सिदाला जरा हसू आलं. बाईंनी कृत्रिम अश्रूंचे थेंब दिले. सकाळ-संध्याकाळ पापण्यांवर गरम फडकं ठेवायचं, कडा पुसून घ्यायच्या, वाचताना मधूनमधून पापण्या पूर्ण मिटायच्या. "तुम्ही कागदाकडे टक लावून बघत असाल," असं त्या म्हणाल्या, ते अगदी खरं होतं.

पर्सिदाने मग घर आणि कचेरी दोन्ही ताब्यात घेतली. टेबलाशेजारचा, तोंडावर गरम हवा सोडणारा हीटर स्वतः ओढून कोपऱ्यात नेला. पापणीच्या आतली काजळाची रेघ बंद. डोळ्यांची लाली आणखी उठवणारा डाळिंबी रुमाल बहिणीला देऊन टाकला आणि निळा घेतला. लग्नाचा मजकूर, कायद्याच्या कलमांसकट, भांडी घासताना तोंडपाठ केला, म्हणजे कागद नको आणि पापण्या मिटायला मोकळीक. त्या आठवड्यांत डोळे खरंच भयंकर दिसत होते. कुणी विचारलंच, तर ती सरळ सांगायची, "कोरडे पडतात. औषध चालू आहे. सही इथे करा."

शरद ऋतूत एका कुटुंबाने द्राक्षमळ्यात, डोंगराच्या उतारावर लग्न ठरवलं. रादिशाने तियानाचं नाव पुढे केलं. नवऱ्याची आजी मिलेवा थेट कचेरीत आली.

"पर्सिदाच पाहिजे. माझ्या धाकट्या मुलाच्या लग्नात किती मनापासून रडली होती ती!"

पर्सिदा टेबलामागून म्हणाली, "आजी, मी रडले नव्हते. माझे डोळे कोरडे आहेत."

आजीने तिला निरखून पाहिलं. "बरं, नव्हतीस रडली. पण बोललीस किती सुंदर! माझ्या बहिऱ्या नवऱ्यालासुद्धा ऐकू आलं. येतेस की नाही?"

"येते."

त्या दिवशी कोशावा असा पिसाटला होता की मांडवाचं कापड फाटायला आलं. पर्सिदाने बाजू झाकणारा चष्मा चढवला.

"अगं, वेल्डर दिसतेस!" रादिशा कुजबुजला.

"दिसू दे. काम करायचंय मला."

वाऱ्यापुढे पाहुणे डोळे चोळत होते. नवरीचे काका नाक शिंकरत होते. पर्सिदा वाऱ्याकडे तोंड करून उभी राहिली आणि हातात कागद न घेता बोलायला लागली. पापण्या शांतपणे मिटत होत्या, उघडत होत्या. दोघं बरोबरीची आहेत, एकमेकांचा मान राखायचा, एकमेकांना आधार द्यायचा, हे तिने कायद्याचं कलम म्हणून नाही, तर त्या दोघांना उद्देशून सांगितलं, आणि मागच्या रांगेतल्या म्हाताऱ्यांनीही मान डोलावली. "हो" ऐकू आलं आणि शिट्ट्यांनी मळा दणाणला.

तियाना पळत आली. "पर्सिदामावशी, कागदाशिवाय? मला शिकवाल?"

"शिकवीन की. पण शनिवार माझेच."

रादिशाने ते ऐकलं, आणि मिलेवाआजीने पुढे केलेला राकियाचा पेला तोंडाला लावत होकाराची मान हलवली.

डोळे अजूनही संध्याकाळी गुलाबी होतात आणि कृत्रिम अश्रूंची बाटली पर्सिदाच्या पर्समध्ये असतेच. आता ती दोन लग्नांच्या मधे, सगळ्यांसमोर, मान मागे टाकून थेंब घालते आणि पुढच्या जोडप्याला आत बोलावते.