राबायला आलेले बूट

सरजाबाई नवी नवरी होती तेव्हाची गोष्ट. भाकरीचं गाठोडं घेऊन ती खळ्यावर निघाली होती, ती कडब्याच्या गंजीआडच थबकली. पलीकडं तिचा सासरा किशनराव आणि चुलतसासरा बन्सीधर यांची जुंपली होती. बन्सीधर शहरातून आला तो जोड्यानिशीच खळ्यावर चढला होता.

“जिथं ज्वारीची रास पडती, तिथं पायताण?” किशनराव म्हणत होता.

“बैलाच्या पायातल्या लोखंडी पत्र्या चालत्यात. माझा जोडाच तेवढा खुपला का दादा?”

“बैल राबायला आलाय. तू काय करायला आलास?”

बन्सीधर खाली उतरला तो उतरलाच, त्या घरचं पाणी पुन्हा प्याला नाही. सरजाबाईनं मात्र त्या दिवसापासून खळ्याच्या कडेला चपला काढल्या त्या जन्मभर. पुढं मळणीयंत्र आलं, बैल गेले, सारवणं थांबलं, नवराही गेला. हिच्या चपला आपल्या कडेलाच.

मग चुडाव्याकडचा सिद्धोधन आला. पोरांच्या खेळाचं काम करणाऱ्या कुठल्याशा संस्थेतला. पुण्यात चाकाच्या फळीवर, म्हणजे स्केटबोर्डवर, उभं राहायला शिकलेला, आणि आता ते खेड्यातल्या पोरांना शिकवायचं म्हणून जागा हुडकत फिरणारा. सरजाबाईनं त्याला खळं दिलं. तिथं सिमेंटचा रॅम्प झाला. थोरला पाइप लांबीत चिरावा आणि त्यातला अर्धा उताणा ठेवावा, तसा. एका भिंतीवरून सुटायचं, तळातून सूं करत दुसऱ्या भिंतीवर चढायचं, तिथून वळून परत.

पारावरचे म्हातारे म्हणाले, “एवढं पळून पोरगं जातंय कुठं? निघालं तिथंच येतंय.”

“मळणीचे बैल तरी कुठं गावाला जात होते?” सरजाबाई म्हणाली.

तिची अट एकच. रॅम्पवर पायताण न्हाई. पोरं अनवाणीच शिकली. तिची नववीतली नात अपेक्षा तर अशी शिकली, की फळी तळव्याला डिंकानं चिकटवलीय म्हणावं. सरजाबाई रोज सकाळी रॅम्प झाडून काढायची. तुरीच्या दाण्याएवढा खडा चाकाखाली आला तरी पोरगं तोंडावर पडतं, हे तिनं एकदा बघितलं होतं.

आणि अपेक्षाची पुण्याच्या स्पर्धेला निवड झाली. तिथं हेल्मेट आणि बूट घातल्याशिवाय उतरू देत नाहीत. सिद्धोधननं बूट आणले. पोरीनं ते अंगणात घालून बघितले, तर पायाखाली फळी आहे का पाट, तेच कळेना. सिद्धोधननं सांगून टाकलं, “महिनाभर रॅम्पवर बुटातच सराव पाहिजे. न्हाईतर न गेलेलं बरं.”

“आज्जी, महिनाभरच,” अपेक्षा म्हणाली.

“न्हाई.”

“हेल्मेट चालतं तुला. डोक्यावर काय बी चालतं, आन् पायातच न्हाई?”

“डोकं उकिरड्यावरून चालत येतं का?”

अपेक्षानं फळी भिंतीला लावली. रॅम्पकडं जाणं बंद. रुसलेलं माणूस जेवत नसलं तर समजूत तरी काढता येते. ही पोटभर जेवून गप्प बसायची. अशा माणसाचं काय करावं?

तिसऱ्या सकाळी सरजाबाई झाडू लागली, तर झाडायला काही नव्हतंच. बाकीची पोरंही फिरकली नव्हती. पूर्वी गंज असायची त्या जागी ती टेकली. भांडण आठवलं. आजवर तिला त्यातलं पायताणच आठवायचं. आज त्यातला शेवटचा सवाल आठवला. सासऱ्याचा राग पत्रीवर नव्हता, जोड्यावर तरी कुठं होता? काम नसताना मिरवत चढण्यावर होता.

घरी येऊन तिनं बुटांचे तळ धुतले, पुसले, जुन्या लुगड्याच्या तुकड्यात बांधले.

“चल गं. अनवाणी चल.”

“आन् हे?”

“हे मी आणते. वर बसून घाल, झालं की तिथंच काढ. ह्यांनी रस्ता बघायचा न्हाई.”

“मग आता चालतंय का तुला?”

“राबायला आलेत म्हणल्यावर चालतंय.”

अपेक्षा लय पडली, मग कमी पडली. पुण्यातही ती रॅम्पपर्यंत अनवाणी गेली, काठावर बसून गाठोडं सोडलं, आणि बूट घातले. आसपासची पोरं हसली म्हणे. नंबर आला नाही, पण पडलीही नाही. पोळ्याला सरजाबाईनं बुटांच्या नाकाला हळद लावली.

“आता पुरणपोळी बी चारा,” तिचा लेक परमेश्वर म्हणाला.

“खात असतील तर आण.”

अपेक्षा दुसऱ्या स्पर्धेची तयारी करत होती, तेव्हाची सरजाबाईच्या आयुष्यातली ती शेवटची सकाळ. अंगात कणकण होती, सून सविता म्हणाली, “आत्या, आज ऱ्हाऊ द्या. मी झाडते.”

“तुला खडे दिसत न्हाईत,” म्हणत सरजाबाई निघाली. काखेत गाठोडं, हातात झाडू. कडेला चपला काढल्या. रॅम्प झाडला. बुटांचे तळ पदरानं पुसून जोडी काठावर नीट मांडली. निघताना मागं वळून बघितलं, तर तळाशी एक खडा राहिला होता. ती पुन्हा बसत-सरकत खाली उतरली, तो उचलला, आणि लांब बाभळीकडं फेकून दिला.