धरणाच्या पोटातलं भजन

शहागंजात एका कापडदुकानाच्या माडीवर आम्ही काहीजण रविवारी सकाळी सिनेमे बघायचो. थिएटरात कधीच लागणार नाहीत असे. पडदा म्हणजे खालच्या दुकानातलंच पांढरं मांजरपाट, दोन पन्हे जोडून शिवलेलं. शिवण बरोबर मधून जायची, त्यामुळं पडद्यावरचा माणूस मधोमध उभा राहिला की त्याच्या नाकावरून एक रेघ उतरायची. खाली भांडीवाले ओरडत असायचे आणि वर आम्ही कुठल्यातरी बर्फाळ देशातली म्हातारी चहा करताना बघत बसलेलो.

मी तेव्हा मुकुंदवाडीला राहायचे आणि शाळेत शिकवायचे. दुष्काळाची वर्षं होती. नळाला पाणी कधी येईल याचा नेम नव्हता, गल्लीत टँकर शिरला की बाया हातातलं काम टाकून धावायच्या. तरी शहर वाढायचं थांबत नव्हतं. घरामागच्या शेतात ज्वारीची धसकटं होती तिथं बघता बघता चुन्याच्या रेघा पडल्या, प्लॉट झाले.

अशाच एका रविवारी सिनेमा संपल्यावर एक मुलगी उठून उभी राहिली. पैठण रस्त्याकडच्या खेड्यातली, शेतकऱ्याची लेक, पुण्यात कॅमेरा शिकून परत आलेली. जायकवाडीचं पाणी इतकं मागं हटलंय की बुडालेली गावं उघडी पडली आहेत, असं तिनं सांगितलं. त्यांच्यावर तिला सिनेमा करायचा होता. त्या गावांतलं कुणी ओळखीचं आहे का, तिनं विचारलं. मी विचार करायच्या आत हात वर केला. माझ्या आईचं माहेर तिथलंच.

आईचं सासर लासूर स्टेशनचं. वडील गेल्यापासून ती माझ्याकडं असायची. तिच्या लग्नानंतर लवकरच माहेरचं गाव धरणात गेलं आणि माणसं मिळेल तिकडं पांगली. लहानपणी आम्ही विचारायचो, मामाचं गाव कुठंय? ती म्हणायची, पाण्यात. आम्हाला ती गंमत वाटायची.

घरी आल्यावर मी तिला सगळं सांगितलं. ती तुरीची डाळ निवडत होती. सुपातली नजर न काढता तिनं एकच विचारलं, गाव सगळं वर आलंय का? मला ठाऊक नव्हतं.

"मग चल," ती म्हणाली. "बघून येऊ."

जीपमध्ये आम्ही दोघी, ती मुलगी आणि काठीला केसाळ बोळ्यासारखा माईक लावलेला तिचा एक मित्र. धरणाच्या काठाला उतरलो आणि मी जागच्या जागी थांबले. डोळा पुरेल तिथपर्यंत भेगाळलेला गाळ, त्यात शिंपल्यांचे तुकडे चमकत होते. पाणी कुठंतरी लांब, निळ्या दोऱ्याएवढं. मधेच झाडांचे काळे खुंट आणि गुडघ्याएवढी दगडी जोती. एवढंच गाव उरलं होतं.

आईनं चपला काढून हातात घेतल्या. गाळात रुतत असतील म्हणून काढल्या असं वाटून मी म्हटलं, राहू दे की पायात. ती म्हणाली, इथं वेशीवर मारुती हाय. मला तिथं काही दिसत नव्हतं. ती हात जोडून पुढं गेली.

मग मी तिच्या मागं आणि कॅमेरा आमच्या मागं. मला नुसते दगडांचे ढीग दिसत होते. ती मात्र डावीकडं वळायची, मधेच अंग चोरून चालायची. तिथं बोळ अरुंद होता म्हणे. एका जोत्यापाशी मी सरळ पाय टाकून पलीकडं गेले. ती मात्र अख्खा वळसा घालून यायला लागली. ऊन डोक्यावर तापलं होतं.

"सरळ ये ना माय," मी म्हटलं.

"लोकांच्या घरातनं कशी येऊ?"

मी ज्या दगडावर उभी होते त्यावरून निमूट खाली उतरले.

गाव वर आल्याची खबर पसरली होती. गंगापूर, वाळूज, लासूर, कुठून कुठून माणसं आली होती. पोरं कंपनीच्या कपड्यांतच आई-बापाला मोटारसायकलवर मागं बसवून घेऊन आलेली. सगळी देवळाच्या जोत्यावर जमली. गावची भजनी मंडळी म्हणजे आता चारदोन म्हातारेच. पण टाळ होते, पखवाज होता. पुढं गाणारे आईचे चुलतभाऊ होते. ती त्यांना दादा म्हणायची. त्यांनी गावचं भजन धरलं. कुणा जुन्या गुरुजींनी ते फक्त या गावासाठी रचलेलं, दुसरीकडं कुठंच म्हणत नाहीत. त्यात देव पहाटे गावात शिरतो आणि आळी-आळीनं फिरत एकेकाला उठवतो.

मोठमोठ्या गवयांच्या मैफली मी ऐकल्यात. पण असं गाणं मी आधी ऐकलं नव्हतं. तिथं भिंत नव्हती, झाड नव्हतं, डोंगर लांब होते. आवाज जायचा तो जायचा, परत यायचा नाही. उघड्या आभाळाखाली तो बारीक व्हायचा आणि तरी स्पष्ट राहायचा. ज्या आळीचं नाव गाण्यात यायचं, तिथली माणसं नकळत आपल्या दगडांकडं बघायची.

शेवटच्या आळीपाशी दादांचा आवाज थांबला. पखवाजवाल्यानं थोडा वेळ ठेका धरून ठेवला, मग त्याचाही हात थांबला. माणसं माना खाली घालून बसून राहिली. वारा तेवढा वाहत होता. मुलीनं कॅमेरा बंद केला नाही. बऱ्याच वेळानं कुणीतरी भाकरीचं फडकं सोडलं, आणि मंडळी जेवायला बसली.

पुढच्या पावसाळ्यात वर नाशिककडं पाऊस झाला, आणि गाव परत पाण्याखाली गेलं. सिनेमा तयार झाला तेव्हा मुलगी म्हणाली, शहरात नंतर दाखवू, आधी त्या माणसांना. लासूर स्टेशनच्या मोंढ्यात कांद्याची एक शेड मिळाली. दुपारची वेळ, म्हणून अंधार करायला चारी बाजूंनी ताडपत्र्या बांधल्या. शहागंजातला आमचा मांजरपाटाचा पडदा नेला. कांद्याचा वास काही केल्या जाईना. माणसं पोत्यांवर, उपड्या पाट्यांवर, जमिनीवर बसली. सुरुवातीला एक अभंग म्हणा, असं भजनी मंडळींना सांगितलं होतं. तो म्हणून झाल्यावर मंडळी पखवाज मांडीवर तसाच ठेवून पुढंच बसली.

सिनेमात मुलीनं वरून संगीत घातलं नव्हतं. आई जोत्याला वळसा घालताना दिसली तेव्हा लोक आधी हसले, मग एकदम गप्प झाले. एक बाई पुढून म्हणाली, "माझंच घर ते." नंतर भजन आलं. दादांचा आवाज थांबला, ठेका थांबला. मुलीनं ती शांतता जशीच्या तशी ठेवली होती. स्पीकरमधून नुसता वारा येत होता.

तेवढ्यात माझ्या शेजारून गाणं सुरू झालं. आई शेवटच्या आळीची ओळ म्हणत होती. मी तिला जन्मात कधी गाताना ऐकलं नव्हतं. आवाज जाड, जरा खालचा, पण जागचा हलत नव्हता. पुढच्या ओळीला दादा मिळाले, मग पखवाजावर थाप पडली, मग शेड भरून माणसं. पडद्यावर तीच माणसं तोंड मिटून, माना खाली घालून बसली होती. पडद्यापुढं तीच माणसं गात होती. पत्रे घुमत होते. मी एकदा वर बघायचे, एकदा खाली, आणि काय बघतेय ते मला नीट कळत नव्हतं. मुलगी यंत्राजवळ तोंडावर हात ठेवून उभी होती. सिनेमा पुढं सरकला, पाणी चढलं, नावं येऊन गेली. पांढरा पडदा नुसता उजेडात राहिला, तरी भजन चाललेलंच होतं.

परतीच्या पॅसेंजरमध्ये मी आईला विचारलं, हे तू शिकलीस कधी?

"पोरींना भजनात बसू देत नव्हते," ती म्हणाली. "पण कानाला कोण अडवणार? आम्ही मागं गवऱ्या थापीत ऐकायचो."

मग ती मुकुंदवाडी येईपर्यंत खिडकीबाहेर बघत राहिली.

पुढच्या रविवारी ती आपणहून लुगडं बदलून तयार झाली. तेव्हापासून शहागंजाच्या माडीवर तिची खुर्ची भिंतीपाशी ठरलेली. भाषा कळत नाही, खालची अक्षरं वाचता येत नाहीत. विचारलं तर म्हणते, माणूस कळतंय की.

तो सिनेमा मुलगी अजून गावोगाव नेते. ती सांगते, ती शांतता आली की दर ठिकाणी वेगळंच होतं. कुठं लोक नुसते बसून राहतात, कुठं कुणी आपल्याच गावचं काहीतरी म्हणायला लागतं. एका मोठ्या ठिकाणी दाखवताना तिला कुणीतरी सुचवलं, तेवढा भाग लई लांबतोय, कापून टाक. तिनं तो कापला नाही.