चमको म्हणजे कोण?

भाऊसाहेब चार माणसं घेऊन थेट रिसेप्शनपर्यंत आले. फुलंब्रीकडच्या एका गावचे ते माजी सरपंच. आदल्या संध्याकाळी आमच्या एफएमवर एकानं त्यांचं नाव घेतलं होतं. आता त्यांना दोन गोष्टी हव्या होत्या, माफी आणि कार्यक्रम बंद.

कार्यक्रम माझा होता. मी प्रोड्युसर, म्हणजे आवाज दुसऱ्याचा आणि बोलणी आपली. आवाज नसरीनचा. आम्ही रोजच्या बोलण्यातला एक शब्द द्यायचो आणि लोकांनी फोन करून त्याचा अर्थ सांगायचा. शब्दकोशातला अर्थ कुणीच सांगत नसे. 'लोड घेणं' म्हणजे काय? "आमच्या सासूबाई. गॅस बंद केला का बघायला वैजापूरहून परत आल्या." 'भाव खाणं' म्हणजे? "आमच्या सिडकोतला टँकरवाला. नळ कोरडा पडला की फोनच उचलत नाय." आपल्याकडं अर्थ विचारा, लोक माणूस दाखवतात.

आदल्या दिवशीचा शब्द होता 'चमको'. वाळूजला कंपनीत जाणाऱ्या एकानं सरळ भाऊसाहेबांचं नाव सांगितलं, गावासकट.

लाइव्ह कार्यक्रम अगदी लाइव्ह नसतो. फोनवरचा आवाज काही सेकंद अडवून मग हवेत सोडतात. त्याला डिले म्हणतात. तेवढ्यात कुणी शिवी दिली की बटण दाबायचं, शिवी गायब. बटणावर मीच होतो. शिवी नव्हती, म्हणून दाबलं नाही. आजही दाबलं नसतं.

आमच्या मॅनेजरांनी मला केबिनमध्ये घेतलं. "पाटील, आजचा एपिसोड शेवटचा. त्या स्लॉटला गाणी लावा."

नसरीन दारात उभी होती. तिचं कॉन्ट्रॅक्ट याच कार्यक्रमापुरतं होतं. तिच्या एकटीच्या पगारावर घर चालायचं आणि हे मॅनेजरांनाही ठाऊक होतं.

"सर, प्रोग्राम गया तो मैं भी गई ना," ती एवढंच म्हणाली. मला मॅनेजरांचा राग आला, आणि राग आला की मी चहा सांगतो. भाऊसाहेबांसाठीही सांगितला.

ते चहा घेत नव्हते. "लई बदनामी झाली, पाटील. सकाळपासून पोरं मला चमको म्हणायलेत."

"चूक झाली म्हणून तर विचारतो. त्यानं अर्थ चुकीचा सांगितला असेल. तुमच्या मते चमको म्हणजे काय?"

"चमको म्हणजे आमचे साडू," भाऊसाहेब फटकन म्हणाले. "कुणाची बी मयत असू द्या, सगळ्यात पुढं. खांदा द्यायला नाय, फोटोला."

आणि ते थांबले. त्यांच्याबरोबरचा एक जण तोंड फिरवून हसायला लागला. मग दुसरा. भाऊसाहेबांनी कप उचलला, अर्धा चहा संपवला आणि मग स्वतःही हसले.

"व्हय की. मी बी तेच केलं."

मी म्हणालो, "माणूस दाखवल्याशिवाय आपल्याला अर्थ सांगताच येत नाही. मग आजपासून नियम करू. माणूस दाखवायचा, पण स्वतःच."

"स्वतःला कोण नावं ठेवून घेतं?" केबिनमधून बाहेर आलेले मॅनेजर म्हणाले. "फोनच येणार नाहीत."

"पहिला मी बोलतो," भाऊसाहेब म्हणाले. "साडूचं मातर बाहेर जाऊ देऊ नका."

संध्याकाळी ते नसरीनसमोर माइकवर बसले. "काल ज्याचं नाव घेतलं तो मी. चमको मीच हाय. लग्न कुणाचं बी असो, फोटोत पुढं घुसतो. आता घरचे अल्बम दाखवताना हसतात, मी बी हसतो."

नसरीननं नवा नियम सांगितला आणि त्या दिवसाचा शब्द दिला, 'अकड'. गाणं लावलं. फोनचे दिवे बंदच. दुसरं गाणं लावलं. मॅनेजर काचेपलीकडं हाताची घडी घालून उभे. नसरीन माइककडं बघत होती, फोनकडं बघायचं तिनं टाळलंच.

एक दिवा लागला. गुलमंडीतून एक बाई बोलत होत्या.

"अकड म्हणजे मी. भावजयीचा दिवाळीला फोन आला, मी उचलला नाय. राखीला आला, तवा बी नाय. आज मीच लावते."

"अभी लगाओ आपा," नसरीन म्हणाली, "हम रखते हैं." तिचा आवाज भरून आला होता. तेही मी कापलं नाही.

त्यानंतर सगळे दिवे लागले. वेळ संपली तरी लोक लाइनवर होते. एक मास्तर, एक रिक्षावाले, एक नवरा-बायको, आणि प्रत्येकाकडं सांगायला स्वतःची अकड.

मॅनेजर आत आले. "उद्याचा शब्द काय ठेवताय?" त्यांनी नसरीनलाच विचारलं. गाण्यांचा विषय त्यांनी पुन्हा काढला नाही आणि मीही आठवण करून दिली नाही. नसरीन अजून त्याच स्लॉटला आहे, आता पर्मनंट.

या धंद्यात मी एवढंच शिकलो. अर्थ सांगताना लोक कुणाकडं तरी बोट दाखवणारच. ते स्वतःकडं वळवायला सांगावं. स्वतःचंच नाव घेतलेला माणूस चार जण घेऊन तक्रारीला येत नाही.